सर्दी आणि दमा : पालकांशी चार गोष्टी

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





या मेळाव्यात बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी संस्थेच्या चिटणीसांचा आभारी आहे. 'आरोग्य आणि शिक्षण' असा विषय मला देण्यात आला होता. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातला एकच आजार मी निवडला आहे. तो का निवडला, हे आधी सांगतो. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी जुलै-ऑगस्टचे हजेरीपट चाळले. काही नावांपुढे तीन-तीन, चार-चार दिवसांच्या सलग गैरहजेऱ्या होत्या. सोबतच्या चिठ्ठ्यांत कारण एकच होते : 'सर्दी-ताप आल्यामुळे'. यांतली काही मुले माझ्या दवाखान्यात येतात. त्यांना सर्दी झाली होती हे खरे, पण त्यांना चार दिवस घरी बसवले ते सर्दीने नव्हे, दम्याने. चिठ्ठीत मात्र दमा हा शब्द एकाही पालकाने लिहिला नव्हता.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. मुलीच्या आईने ती सांगण्याची मला परवानगी दिली आहे. नाव मी घेणार नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास एक आई आपल्या नववीतल्या मुलीला रिक्षात घालून माझ्याकडे आली. वडील कुवेतला नोकरीला, घरात दादी आणि दोन मुली. बाहेर पावसाची झोड. मुलगी दोन्ही हात मांडीवर रोवून पुढे वाकून बसली होती आणि स्वतःचे नावही तिला एका श्वासात सांगता येत नव्हते. चार दिवसांपूर्वी तिला पडसे झाले होते. पहिल्या दिवशी काढा झाला, दुसऱ्या दिवशी छातीला बाम, तिसऱ्या दिवशी दुकानातून आणलेले खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या. चौथ्या रात्री ही अवस्था. तिला ऑक्सिजन लावला, मशीनने औषधाची वाफ दिली आणि पहाटे तालुक्याच्या रुग्णालयात हलवले. अल्लाहच्या कृपेने ती वाचली. तीन दिवस ती तिथे होती आणि तिची घटक चाचणी बुडाली.

नंतर कळले की तिचा रोजचा पंप घरातच होता. फेब्रुवारीपासून तो कपाटात कपड्यांखाली ठेवलेला होता. एक तर मुलगी बरी होती, मग औषध कशाला, असे घरच्यांना वाटले. दुसरे म्हणजे थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे यायचे होते, त्यांच्या नजरेला पंप पडू नये, अशी काळजी होती. सकाळी आईने मला विचारले, "डॉक्टर, साधी सर्दी होती. एवढे कसे झाले?"

आजचे माझे भाषण म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि त्या उत्तरात माझीही एक चूक येते, ती मी लपवणार नाही. दोन वर्षांपूर्वी मीच त्या मुलीच्या कागदावर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' असे लिहिले होते. दमा म्हटले की आई घाबरेल, म्हणून मी सौम्य शब्द शोधला. पण ज्या आजाराचे खरे नावच सांगितले नाही, त्याचे औषध आईने वर्षभर का चालू ठेवावे? त्या रात्रीपासून मी दम्याला दमाच म्हणतो. आपणही म्हणावे, ही माझी पहिली विनंती.

दमा म्हणजे काय? आपल्या छातीत श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. दमा असलेल्या माणसाच्या या नलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची थोडी सूज असते. मूल हसत असते, खेळत असते, छातीत घरघर नसते, तेव्हाही ती सूज पूर्णपणे गेलेली नसते. आपल्या कोकणातल्या घरांत लाकडी दारे पावसात कशी फुगतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आधीच थोडे फुगलेले दार उघड-मीट होत असते, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग एका ओल्या रात्री ते आणखी जरासे फुगते आणि चौकटीत घट्ट बसते. दम्याच्या रुग्णाला सर्दी होते तेव्हा असेच घडते. सर्दीचा विषाणू नाकातून खाली श्वासनलिकांत उतरतो. आधीच सुजलेले अस्तर अधिक सुजते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. वाट तिन्ही बाजूंनी अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर टाकताना शिट्टी वाजते. सर्दी सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत हे सगळे घडते, म्हणून आपल्याला वाटते की सर्दी 'छातीत उतरली'. सर्दी सगळ्यांच्याच घरात येते. ज्या मुलाचे दार आधीपासून फुगलेले असते, त्याचेच ती अडवते.

ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुसा इब्न मैमून हे ज्यू विद्वान सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या काळात कैरो येथे वैद्यकी करीत असत. सुमारे ११९० साली त्यांनी एका उच्चकुलीन रुग्णासाठी दम्यावर अरबी भाषेत एक प्रबंध लिहिला. या रुग्णाचा त्रास साध्या पडशाने सुरू होतो आणि विशेषतः पावसाच्या दिवसांत तो वाढतो, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कैरोत जे दिसले, तेच आज आपल्या गावात दिसते.

आधुनिक शास्त्राने त्याला आकड्यांचा आधार दिला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ९ ते ११ वर्षांच्या शाळकरी मुलांचा १३ महिने अभ्यास करण्यात आला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. ज्या ज्या वेळी मुलांची छाती भरली, त्यांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के वेळा त्यांच्या नाकात कोणता ना कोणता विषाणू सापडला. त्यांत सर्वांत जास्त होता तो ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे नेहमीच्या पडशाचा विषाणू. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तोंडावर मुखपट्टी होती, लोक एकमेकांपासून दूर होते. त्या काळात अनेक देशांत दम्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या एकदम घटली. दम्याच्या झटक्यामागे सर्दीचा हात किती मोठा असतो, हे त्यावरून दिसून येते.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. सुटीत पांगलेली मुले एका वर्गात, खिडक्या लावून, खांद्याला खांदा लावून बसतात. एकाचे पडसे आठवडाभरात सगळ्या वर्गाचे होते. भिंतींना ओल येते, बुरशी चढते. इन्फ्लुएंझा, म्हणजे ज्याला आपण फ्लू म्हणतो, त्याचीही महाराष्ट्रातली मोठी लाट पावसाळ्यातच येते आणि दुसरी लहान लाट थंडीत. स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला आणि ती एक शाळकरी मुलगी होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

मग मुलाला सर्दी होऊच द्यायची नाही, असे आपण ठरवू शकतो का? नाही. लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यावर आजवर लस नाही. केळी, दही आणि पेरू बंद करून विषाणू अडत नाही, मुलाच्या ताटातली फळे तेवढी जातात. सर्दी टाळण्यासाठी जे करता येते ते साधे आहे. हा विषाणू बराचसा हातांवरून डोळ्यांत आणि नाकात जातो. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, ती चांगली सवय हाताशी आहेच. शाळेतून आल्यावर आणि नाक शिंकरल्यावर तिला साबणाची जोड द्या. घरात एकाच टॉवेलला सगळ्यांनी तोंड पुसू नये. आजारी माणसाने लहानग्यांचे मुके घेऊ नयेत.

पण एवढे करूनही सर्दी येणारच. म्हणून आपल्या हातातली खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती अशी : सर्दी येण्याआधी मुलाच्या श्वासनलिकांची सूज उतरवून ठेवा. फुगलेल्या दाराला रंधा मारायचा तर सुतार पावसाआधी बोलवावा लागतो. रात्री दोन वाजता दार अडल्यावर सुतार मिळत नाही.

दम्याचे पंप मुख्यतः दोन प्रकारचे असतात, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे फार नुकसान होते. एक आराम देणारा पंप. यात बहुधा साल्ब्युटामॉल नावाचे औषध असते. ते आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत बरे वाटते आणि चार-सहा तासांत त्याचा परिणाम संपतो. सूज मात्र तशीच राहते. दुसरा रोजचा पंप. यात अल्प प्रमाणात स्टेरॉइड असते. तो घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, पण काही दिवसांत, काही आठवड्यांत सूज उतरते. लगेच गुण येतो म्हणून लोक पहिल्या पंपाला खरे औषध समजतात आणि दुसरा सोडून देतात. वास्तविक जीव वाचवणारा दुसरा आहे. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या तज्ज्ञांच्या मंडळाने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, बारा वर्षांवरील कोणाही रुग्णाला केवळ साल्ब्युटामॉलसारख्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये. काही मोठ्या मुलांना आता सूज उतरवणारे आणि आराम देणारे औषध एकाच पंपात दिले जाते. आपल्या मुलाच्या हातात कोणता पंप आहे, हे रंगावरून ओळखू नका. त्यावरचे नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा, "हा सुजेचा की आरामाचा?"

आता पालकांच्या मनातल्या शंका. माझ्यासमोर त्या रोज येतात.

"पंपाची सवय लागेल." बंधूंनो, ज्याला चष्मा लागला आहे त्याला चष्म्याची सवय लागली, असे आपण म्हणत नाही. पंपात व्यसन लावणारे काही नाही. आजार लांबणारा आहे, म्हणून औषध लांबते. अनेक मुलांचा त्रास वाढत्या वयात कमी होतो आणि तेव्हा डॉक्टर औषध कमी करत आणतात. मात्र ते डॉक्टरांनी ठरवावे, आणि शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर ठरवू नये.

"त्यात स्टेरॉइड आहे." होय, आहे. पण पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गोळीतली मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये एक हजार मायक्रोग्रॅम असतात. शिवाय पंपाचे औषध थेट छातीत जाते. काही मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण रोजचा पंप टाळून वर्षातून तीन-चारदा स्टेरॉइडच्या गोळ्या आणि सुया घ्याव्या लागल्या, तर शरीरात जाणारे स्टेरॉइड कितीतरी जास्त होते. पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा, म्हणजे तोंड येत नाही.

"मृगाला हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेतले की दमा जातो." दर जूनमध्ये आपल्याकडूनही माणसे त्यासाठी जातात. त्यांच्या श्रद्धेची मी थट्टा करत नाही. पण त्याने दमा बरा होतो, असे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झालेले नाही. ज्याला जायचे आहे त्याने रोजचा पंप सोबत न्यावा आणि परतल्यावर चालू ठेवावा, एवढेच माझे म्हणणे.

पंप घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. नुसता तोंडात दाबला तर बरेचसे औषध घशालाच लागते. त्यासाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी मिळते. तिच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला मुलाचे तोंड. एक दाब द्यायचा, मुलाने शांतपणे पाच-सहा श्वास घ्यायचे, मग पुढचा दाब. अगदी लहान मुलांसाठी तिला मुखवटा जोडता येतो. ती विकत घेणे जमत नसेल तरी अडू नये. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीपासून स्पेसर बनवून दम्याच्या झटक्यातील मुलांवर त्याची तपासणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून ते घट्ट बसवले होते. ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. माझ्या दवाखान्यात या, मी करून दाखवीन.

आता सर्दी सुरू झाली तर काय करायचे? पहिले म्हणजे, रोजचा पंप एक दिवसही बंद करायचा नाही. सर्दीत इतकी औषधे चालू आहेत, मग पंप नको, असे अनेक घरांत होते. ते नेमके उलटे आहे. दुसरे, डॉक्टरांकडून आधीच एका कागदावर लिहून घ्या : सर्दी झाली तर काय, रात्री खोकला वाढला तर काय, धाप लागली तर काय. तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, कारण रात्री दोन वाजता कोणाला काही आठवत नाही. तिसरे, मुलाच्या रात्रीकडे लक्ष ठेवा. पहाटे खोकल्याने उठणे, आरामाचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागणे, जिना चढताना थांबणे ही झटका जवळ आल्याची लक्षणे आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काही गोष्टी करू नका. साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणू नका, ते विषाणूवर चालत नाही. गुंगी आणणारे खोकल्याचे औषध देऊन मुलाला झोपवू नका, कारण मूल झोपले म्हणजे धाप गेली असे होत नाही. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. मुलाला ॲस्पिरिन देऊ नका. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ घेताना मुले भाजतात, आणि तिने दम्याची सूज उतरत नाही. घरात सर्दी असताना धूर तर अजिबात नको : विडी-सिगारेट, डासांची कॉइल, ओल्या लाकडांची चूल, आणि जुमेरातीचा लोबानसुद्धा. तेवढे दिवस लोबान बंद ठेवला तर घराची बरकत कमी होणार नाही.

आणि ही धोक्याची लक्षणे पालकांनी पाठ करावीत. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नाही. श्वासागणिक बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते. आरामाच्या पंपाने फरक पडत नाही, किंवा पडला तरी चार तास टिकत नाही. ओठ निळसर दिसतात. मूल सुस्त पडते. छातीतली शिट्टी एकदम थांबली आणि मूल थकलेले दिसले, तर ते बरे झाल्याचे नव्हे, हवा जाणेच कमी झाल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. मुलाला बसते ठेवा, आडवे करू नका. स्पेसरमधून आरामाचा पंप एकेक दाब करत दहा दाबांपर्यंत द्या आणि वाहन मिळेल ते घेऊन रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. वडील परदेशात असले, तर रात्री कोणाची रिक्षा येईल, हे मोहल्ल्यात आजच ठरवून ठेवा.

फ्लूची लस पडशापासून वाचवत नाही, फ्लूपासून वाचवते. ती सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना दरवर्षी देता येते. दमा असलेल्या मुलाने ती पावसाळ्यापूर्वी घ्यावी. ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते, हे मला माहीत आहे. पण रुग्णालयातल्या तीन दिवसांचा खर्च त्याहून पुष्कळ होतो. हजला जाताना आपण मेंदूज्वराची लस निमूटपणे घेतो. तीच समजूत इथेही दाखवावी.

रोज्याविषयी नेहमी विचारले जाते. सध्या काही वर्षे रमजान थंडीच्या दिवसांत येतो आहे, म्हणजे सर्दीच्याच मोसमात. रोज्यात पंप घेतल्याने रोजा राहतो की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. मी डॉक्टर आहे, फतवा देणे माझे काम नाही. आपण आपल्या आलिमांना विचारावे. परंतु रोजचा पंप बहुधा दिवसातून दोनदा असतो. तो सहरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर घेता येतो, म्हणून रमजानमध्ये तो बंद करण्याचे कारणच नाही. आणि धाप लागली तर औषध त्याच क्षणी घेतले पाहिजे. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेलीच आहे, त्यावर मतभेद नाहीत.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दमा असलेल्या मुलाचा आरामाचा पंप त्याच्या दप्तरात राहू द्या, कार्यालयाच्या कुलपात नको. त्याला खेळाच्या तासाला कायमचे बाजूला बसवू नका. सर्दी उतरली, धाप नसली, की त्याला मैदानावर येऊ द्या. अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सी यांना दमा होता. त्यांनी १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये सात खेळांच्या हेप्टॅथलॉन स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. औषध नियमित असेल तर दमा वाट अडवीत नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्या समाजात मुलाचा दमा सांगितला जातो, मुलीचा लपवला जातो. स्थळ मोडेल ही भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण लपवण्याची किंमत मुलगी भरते. तिला पंप मोरीत जाऊन घ्यावा लागतो, सर्दीत खोकला दाबावा लागतो, आणि लग्नानंतर नव्या घरात तर औषध बंदच होते. २०१९ सालच्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या दर आठ रुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. इतरांचा आणि आपला आजार एकच आहे. आपल्याकडे तो लपवला जातो, त्याचे रोजचे औषध थांबवले जाते, त्यावर उशिरा धावपळ केली जाते. ज्या घराला पंप चालत नाही, त्या घरात आपली मुलगी सुखरूप राहील का, हा प्रश्न आधी आपण स्वतःला विचारावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावरच्या मुलाने पंप काढला तर हसू नका. त्याचे पाणी धरा, स्पेसर धरा. आणि ज्यांना दमा आहे त्यांनी लाजू नये. सर्दी झाल्याचे घरी पहिल्याच दिवशी सांगा. परीक्षा आहे म्हणून लपवू नका, कारण लपवलेली सर्दीच परीक्षा बुडवते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. यंदाच्या जुलैमध्ये तिला पुन्हा पडसे झाले. दोन दिवस नाक गळले, थोडा खोकला आला. भिंतीवरच्या कागदात लिहिल्याप्रमाणे तिच्या आईने केले आणि तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली. तिचा रोजचा पंप आता कपाटात नसतो, दात घासायच्या ब्रशशेजारी असतो. ब्रश रोज हातात येतो, तसा पंपही येतो, असे आई म्हणाली. बहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हाही तो तिथेच होता. पुढच्या वर्षी जुलैच्या हजेरीपटात त्या नावांपुढची गैरहजेरी कमी झालेली दिसावी, आणि जी चिठ्ठी येईल तिच्यात आजाराचे खरे नाव लिहिलेले असावे, एवढीच माझी इच्छा आहे.